खर्जाची जागा

कोगनोळीच्या टोलनाक्यावर रात्री ट्रकांची रांग लागते. पुण्याहून बंगळूरकडे जाणारी वाहतूक कागल सोडून दूधगंगा ओलांडते आणि कर्नाटकात शिरते न शिरते तोच थबकते. चालक इंजिनं बंद करत नाहीत. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर गुरगुरत असेल, तर त्याचे ठोके सेकंदाला तीस पडतात. पाच तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला जवळजवळ एकतीस कंपनं करते. बेस वाजवायला लागल्यापासून असे हिशेब मांडायची मला सवयच जडली आहे. गावातल्या डीपीची गुणगुण शंभर कंपनांची असते. अँप्लिफायरला अर्थिंग नीट मिळालं नाही की स्पीकरमधून घरघर येते ती पन्नासची, आणि ती ई तारेच्या तिसऱ्या पडद्याला अगदी खेटून बसते. खालच्या सुरांनी आपला परिसर एवढा भरलेला असताना गाणं ऐकताना मात्र कान सर्वांत शेवटी तिकडे वळतो. मला त्या शेवटच्या जागेविषयी बोलायचं आहे.

आमच्या मुलखाला खालचे सूर नवे नाहीत. भजनाला बसण्याआधी पखवाजाच्या धुमेवर भिजवलेली कणीक थापतात. कातड्यावर वजन चढलं की कंपनं मंदावतात आणि आवाज खाली उतरतो. बेसच्या तारेवर पोलादी गाभ्याभोवती धातूची बारीक तार गुंडाळतात, तीही याच कारणासाठी. तार लांब करत बसण्यापेक्षा जड करणं सोयीचं पडतं. पट्टण कोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगरी ढोल एका लयीत वाजू लागले की आवाज कानाआधी छातीला कळतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात मंद्र नादाचं स्थान हृदयात, मध्याचं कंठात आणि ताराचं मस्तकात सांगितलं. राजाच्या जमाखर्चाचं खातं सांभाळणाऱ्या त्या पंडिताचं हे वाक्य मला शास्त्रार्थापेक्षा अनुभवाची नोंद वाटतं. बेसच्या स्पीकरपुढे उभ्या राहिलेल्या कुणालाही त्याची प्रचिती येईल.

इथून फार लांब नसलेल्या मिरजेत याच मंद्राची घडण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ती करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-कट्यारींना धार लावणारे, शस्त्रं घासूनपुसून ठेवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे बंधू मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयाने तंतुवाद्यांकडे वळले. ज्या हातांना पोलादाची धार कळत होती, त्यांना घोडीचा उतार कळायला वेळ लागला नसावा. तेच हात आणि त्याच कानशी नव्या कामाला लागल्या, आणि त्यातून सतारमेकरांची एक पेठच उभी राहिली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढा-पंढरपूर भागातून येणारा भोपळा, तून लाकडाची तबली आणि दांडी, घोडी, खुंट्या, आणि सर्वांवर पातळ हातांनी चढवलेलं लाखेचं पॉलिश.

पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची असते. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर ती तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. हाच सूर बेस गिटारवर ए तारेच्या चौथ्या पडद्यावर सापडतो. तारेची लांबीही फारशी निराळी नाही. बेसची रूढ लांबी चौतीस इंच, मोठ्या तंबोऱ्याची तीन फुटांच्या आसपास. दोन खंडांत, दोन अगदी वेगळ्या गरजांतून घडलेली ही वाद्यं एकाच उंचीच्या सुराशी येऊन थांबली आहेत. ती भेट जुळवून आणलेली नाही. पुरुषाचा आवाज जिथे सुखाने बसतो त्याच्या एक सप्तक खाली आधार हवा असतो, ही दोन्हीकडची गरज सारखीच होती.

तंबोऱ्यात जे घडतं, त्याचं नवल सी. व्ही. रामन यांना वाटलं आणि १९२१ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. एक जुना नियम सांगतो की तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या स्वरांशांची हालचाल शून्य असते ते स्वरांश उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते उमटतात. घोडीचा माथा किंचित वक्र असतो, तार त्याला घासून जाते, खाली सरकवलेला सुताचा जीव तिला नेमक्या जागी उचलून धरतो, आणि एका तारेतून स्वरांची सबंध रांग उभी राहते. पाचवा स्वरांश म्हणजे गंधार. कुणीही न छेडलेला हा गंधार खर्जाच्या तारेतून स्वच्छ ऐकू आला की जवारी लागली म्हणायचं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात वारले आणि मिरजेतच विसावले. वाद्यं दुरुस्त करण्यात ते निष्णात होते. त्यांच्या गाण्यातली स्वरांची ओल ऐकताना मला नेहमी वाटतं की जवारी घासणारा हात आणि सूर लावणारा गळा त्यांच्यात वेगळे राहिलेच नव्हते.

बेस गिटारचा जन्म निराळ्या अडचणीतून झाला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. नाचगाण्याच्या बँडमध्ये माणसाएवढा उंच डबल बेस घेऊन फिरणारे वादक त्याने पाहिले होते. वाद्य गाडीत मावेना, आणि विजेवर वाजणाऱ्या गिटारी आल्यावर त्याचा आवाज कुणाला ऐकू येईना. पॉल टुटमार्कने सिएटलमध्ये १९३० च्या दशकातच विजेवर चालणारा, पडद्यांचा आडवा बेस करून पाहिला होता, पण तो रुजला नाही. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठी बासमन हा अँप्लिफायर. पडद्यांमुळे सूर नेमका लागेल, याची हमी वाद्याच्या नावातच दिली होती.

त्या नेमकेपणाविषयी इथल्या माणसाला थोडं थांबून बोलावंसं वाटतं. बेसचा पहिला पडदा नटपासून साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर बसतो, आणि पुढचा प्रत्येक पडदा ठरलेल्या गुणोत्तराने जवळ येत जातो. सप्तकाचे बारा सारखे भाग. हिशेब चोख आहे, पण त्यातला गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या भागाइतका. सांगलीचे कृ. ब. देवल डेप्युटी कलेक्टर होते, आणि श्रुतींचा हा प्रश्न त्यांनी आयुष्याचं काम म्हणून हाती घेतला. खाँसाहेबांच्या साथीने मोजमापं करून त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं पुस्तक काढलं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात. बेसचे पडदे लाकडात ठोकलेले. म्हणूनच जॅको पास्टोरियसने आपल्या बेसचे पडदे काढून टाकले, खाचा बुजवल्या आणि पट्टीवर बोटीला लावायचं इपॉक्सी चढवलं, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. फ्लोरिडातल्या त्या मुलाच्या हातात पडद्यांविना बेस गाऊ लागला. आमच्याकडच्या मुलाला विनापडद्याचा बेस दिला आणि शेजारी तंबोरा लावला, तर त्याचं बोट आपोआप खालच्या गंधारावर जाईल, असं मला खात्रीने वाटतं.

माझी स्वतःची बेस गिटार जुनी आहे, बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून घेतलेली. कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात अशा गिटारी अजून निघतात. गणपतीच्या आणि जत्रेच्या हंगामात वाजलेल्या आणि मग माळ्यावर पडलेल्या. नवी घ्यायची असेल तर मुंबईत धोबीतलावला १८६५ पासूनचं फुर्तादो आहे. पण सेकंडहँड वाद्य निवडण्यात जो अभ्यास होतो तो दुकानात होत नाही. आधी नेक डोळ्याच्या रेषेत धरून बघायची. आपल्या भागात जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं आणि उन्हाळ्यात सुकतं, त्यामुळे नेक वर्षातून दोनदा तरी हलते. आतला ट्रस रॉड फिरतो की गंजून बसलाय, ते विचारायचं. मग बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ताडून बघायचे. शेवटी प्रत्येक तारेवर एकेक पडदा वाजवत जायचं, कारण काही जागी सूर अकाली विझतो, आणि तो दोष कुठल्याही अँप्लिफायरने जात नाही. रंग, खरचटे, उडालेले टवके यांच्याकडे बघूही नये.

रंग मात्र मी उतरवला. जाड, काळा, काचेसारखा थर हीट गनने सुटा केला, मग पॉलिश पेपर ऐंशी नंबरपासून चारशेपर्यंत. काळ्याखाली जोडलेल्या फळ्या निघाल्या, त्यांचे रेषे एकमेकांना न जुळणारे. त्यावर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने चढवली, मिरजेत तंबोऱ्याला चढवतात तशीच. हे काम आमच्याकडे दिवाळीनंतर करावं. पावसाळ्यात हवेतलं पाणी स्पिरिटमध्ये शिरतं आणि पॉलिश पांढरं पडतं. लाख हाताच्या उष्णतेने आणि घामाने मऊ होते, म्हणून नेकच्या पाठीला लाख न लावता नुसतं मेण घासलं.

विजेच्या भरीव गिटारीत वरच्या पॉलिशने आवाज बदलतो, असं मी कुणाला सांगणार नाही. तंबोऱ्याची पातळ तबली स्वतः हवा हलवते, तिथे प्रत्येक थराचं वजन मोजावं लागतं. भरीव बेसचा आवाज तार, पिकअप आणि बोट यांचा. तरीही मी हे काम केलं, कारण त्या बोळ्याखाली लाकूड दिसू लागल्यावर मला ते वाद्य आमच्या मुलखातलं वाटू लागलं. त्याला तसा आधारही आहे. ब्राझीलच्या शिसवीवर बंधनं आल्यावर जगभरच्या गिटारींच्या पट्ट्यांसाठी हिंदुस्थानी शिसवी जाऊ लागली. तीच शिसवी, जिचे खांब आणि पलंग आमच्या वाड्यांत अजून उभे आहेत. २०१७ मध्ये शिसवीच्या सर्वच जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलं, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तून हे झाड तर महोगनीच्या कुळातलं. गिब्सनने १९५३ मध्ये आपला पहिला बेस महोगनीत केला. मिरजेच्या कारागिराच्या हाताखालून रोज जाणाऱ्या लाकडात पावणेदोन इंच जाडीचा बेसचा देह कोरायला काहीच अडसर नाही. घडवायची इच्छा असलेल्यांनी बाहेरच्या लाकडाच्या मागे लागू नये.

लाखेची आणखी एक कथा इथे सांगायलाच हवी. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर किडे जी राळ सोडतात, ती लाख. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ १९२४ मध्ये संशोधन संस्था निघाली, कारण तेव्हा साऱ्या जगाला लाख लागत होती. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या लाखेच्याच. म्हणजे खाँसाहेबांच्या तंबोऱ्यावर जी लाख होती, तिनेच त्यांचा आवाजही धरून ठेवला. पण त्या आरंभीच्या तबकड्यांत खर्ज नाही. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण कर्ण्यात गाऊन होई, आणि कर्ण्यातून खालचे सूर सुईपर्यंत पोचत नसत. मायक्रोफोन आणि विजेचा अँप्लिफायर आला तेव्हा तबकडीत मंद्राला पहिल्यांदा जागा मिळाली. विजेने संगीत बिघडवलं म्हणणाऱ्यांना मला हे सांगावंसं वाटतं. तबकडीवर खर्ज टिकला तो विजेमुळे.

खेड्यांत मात्र कर्णा पुढेही राहिला. पारावर, देवळाच्या शिखरावर, लग्नाच्या मांडवात बांधलेले ते लोखंडी कर्णे आणि खाली आहुजाचा अँप्लिफायर. शब्द तीन शेतं ओलांडून जायचे, पण कर्ण्याच्या तोंडाला खालचा सूर झेपत नाही. दोन-तीन पिढ्यांनी सिनेमाची गाणी बेसशिवाय ऐकली. मुंबईच्या स्टुडिओत गोव्याहून आलेल्या वादकांनी पाश्चात्त्य वाद्यमेळ्याची घडी बसवली होती, राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत होते, आणि ते सारं कर्ण्याच्या अलीकडेच अडत होतं. पुढे अठरा इंची स्पीकरांच्या भिंती आल्या, ज्यांना आपण डॉल्बी म्हणतो, आणि पोरं त्यांच्यापुढे वेड्यासारखी नाचू लागली. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मला त्यात इतक्या वर्षांची भूक दिसते.

भूक खरी असली तरी त्या भिंतीतून मिळणारं अन्न खर्जाचं नाही. याचं कारण यंत्रातच आहे. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये ते मोजलं. चाळीस कंपनांचा सूर नुसता कानावर पडावा यासाठी हजार कंपनांच्या सुराच्या हजारो पट ऊर्जा लागते. त्यात स्पीकरचा कागद एक सप्तक खाली तेवढाच आवाज द्यायचा तर चौपट हलवावा लागतो. ई तारेची लाट हवेत सत्तावीस फूट लांब असते. म्हणून बेसचा अँप्लिफायर मोठा असावाच लागतो. अँपेगने १९६९ मध्ये एसव्हीटी काढला तो तीनशे वॅटचा होता, आणि खाली दहा इंचांचे आठ स्पीकर. त्या आकारामागे उद्देश असा की प्रत्येक सूर वेगळा, स्वच्छ, आपल्या जागी ऐकू यावा. डॉल्बीच्या भिंती एका अरुंद पट्ट्यातच फुंकर घालतात. सा वाजवा, पंचम वाजवा, धक्का एकच. खर्जाचा सूरच हरवला, तर उरतो तो नुसता दाब. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. ती पाळली जावीच, म्हाताऱ्यांसाठी आणि पाळण्यातल्या पोरांसाठी. पण कायद्याच्या आधीही संगीताची म्हणून एक तक्रार आहे, आणि ती संगीत करणाऱ्यांनी मांडायला हवी.

कान एक काम असं करतो की ज्याने मला बेस वाजवण्याची रीत शिकवली. एखाद्या सुराचे वरचे स्वरांश नीट ऐकू आले, तर खालचा मूळ सूर हवेत नसला तरी कान तो स्वतः भरून घेतो. छोट्या रेडिओवरही आपल्याला पुरुषाचा आवाज पुरुषाचा वाटतो तो यामुळे. खर्ज निम्मा ऐकणाऱ्याच्या आत घडतो. मग वादकाने स्पष्ट वाजवणं महत्त्वाचं, मोठ्याने वाजवणं नव्हे. अँप्लिफायरवरचं बेसचं बटण मी जवळजवळ कधीच पुढे सरकवत नाही. मधले सूर थोडे वर घेतो. गायकाच्या श्वासाला जागा दिसली की सूर सोडून देतो, कारण खालचा सूर विनाकारण रेंगाळला तर वरचं सगळं गढूळ होतं.

हे काम करणाऱ्यांची नावं सहसा कुणी घेत नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ज्या गाण्यांवर साठच्या दशकात अर्धी दुनिया नाचली, त्यांत जेम्स जेमर्सनचा बेस होता. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवलेला, वर्षानुवर्षं न बदललेल्या तारांवरचा. तबकडीवर त्याचं नाव छापून यायला १९७१ साल उजाडलं. आपल्याकडे मैफलीत गायकाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्याचं नाव निवेदक कधी घेतात, कधी विसरतात. किराणा घराण्याची कुंदगोळ, गदग, हुबळीपासून पुण्यापर्यंत पसरलेली परंपरा या मागच्या माणसांच्या अंगावर उभी राहिली. त्यांच्यापैकी अनेक जण पुढे गायक झाले, काही तंबोऱ्यामागेच राहिले. मला ते दुसरे अधिक आठवतात. चार तारा तासन्‌तास सारख्या छेडत राहायच्या, लय लागू द्यायची नाही, सूर उतरला तर गायकाच्या आधी कळायला हवं. ऐकण्याचं एवढं कठोर शिक्षण दुसरं नाही. बेस शिकणाऱ्याने पहिले काही महिने तेच घ्यावं, असं माझं मत आहे.

निपाणी, कागल, चिकोडी, संकेश्वर या भागातल्या ज्या मुलामुलींच्या मनात बेस गिटार आहे, त्यांना म्हणून एवढंच सांगतो. पैसे जमले की ते सगळे मोठ्या स्पीकरवर घालू नका. सरळ नेकची साधी जुनी गिटार घ्या, तिच्या तारा बदला, पडदे घासून घ्या आणि उरलेल्या पैशांत लहानसा पण स्वच्छ आवाजाचा अँप्लिफायर. मग एका सुट्टीच्या दिवशी मिरजेला जा, सतारमेकरांच्या पेठेत कुणी जवारी काढत असेल तिथे परवानगी मागून बसा, आणि पितळी तारेतून गंधार येईपर्यंत ऐका. परत आल्यावर ए तारेचा चौथा पडदा वाजवून बघा.